महिला, दलित-आदिवासी आणि छोट्या पुरवठादारांकडून खरेदी: कंपनीत हा कार्यक्रम कसा उभा करायचा

ग्राहकाच्या वार्षिक प्रश्नावलीत एक ओळ असते, ‘तुमच्याकडे सप्लायर डायव्हर्सिटी प्रोग्राम आहे का?’ पर्चेस म्हणतं हे एचआरचं काम, एचआर म्हणतं पर्चेसचं, आणि शेवटी घंटा सीएसआर, म्हणजे कंपनीची सामाजिक कामं, बघणाऱ्याच्या गळ्यात पडते. तो बिचारा दिवाळीला बचत गटाकडून पणत्या आणि नागलीचे लाडू घेतो, फोटो काढतो आणि उत्तरात ‘होय’ लिहून टाकतो.

मी नाशिकच्या अंबडमध्ये गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत पर्चेस बघते. आमच्याकडे हा कार्यक्रम पहिल्या कागदापासून उभा राहिला तेव्हापासून मी त्यात आहे. सातपूर, अंबड, सिन्नर, गोंदे या पट्ट्यातल्या मध्यम आकाराच्या कंपनीत कोणावर हे काम नव्याने येऊन पडलं असेल, तर हा लेख त्यांच्यासाठी.

लाडवांवर माझा राग नाही. पण पुरवठादार विविधता म्हणजे रोजच्या खरेदीतला, म्हणजे प्रेसिंग, मशीनिंग, खोकी, हातमोजे, कॅन्टीन यांतला काही हिस्सा अशा उद्योजकांकडे जाणं, ज्यांच्यापर्यंत आपली चौकशी आजवर पोचलीच नाही. महिला, अनुसूचित जाती-जमातींचे उद्योजक, दिव्यांग, आणि भाड्याच्या गाळ्यात दोन-तीन मशीन टाकून बसलेले अगदी छोटे युनिटवाले. दर्जात सवलत नाही आणि दरात दानधर्मही नाही.

1. कशासाठी करतोय, ते वरून लिहून घ्या

खासगी कंपनीवर याची कायदेशीर सक्ती नाही. हे पहिल्याच मीटिंगमध्ये सांगून टाका, नाहीतर कोणीतरी सरकारी आदेशाचा हवाला देतं आणि चर्चा भलतीकडे जाते. तो आदेश म्हणजे सूक्ष्म व लघु उद्योगांसाठीचं 2012 चं सार्वजनिक खरेदी धोरण. ते केंद्राच्या खात्यांना आणि केंद्रीय सार्वजनिक उपक्रमांना लागू आहे. आपल्याकडे ओझरचा एचएएलचा विमान कारखाना किंवा नाशिकरोडचा नोटांचा छापखाना त्यात येतो. आधी वार्षिक खरेदीतला 20 टक्के हिस्सा या उद्योगांकडून घ्यायचा होता, 2018 मध्ये तो 25 टक्के झाला. त्यातले 4 टक्के अनुसूचित जाती-जमातींच्या आणि 3 टक्के महिलांच्या उद्योगांकडून. आपल्याला हे बंधन नसलं तरी व्याख्या आणि आकडे ठरवताना हाताशी एक तयार माप राहतं.

मग आपण का करायचं? परदेशी, त्यातही अमेरिकन, ग्राहक विचारतात म्हणून. तिकडे या विषयाला सरकारी पाठबळ मिळायला 1969 मध्ये सुरुवात झाली. दुसरं कारण सेबीचं, म्हणजे शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या संस्थेचं. शेअर बाजारातल्या पहिल्या 1000 कंपन्यांना बीआरएसआर, म्हणजे व्यवसायाची जबाबदारी आणि शाश्वतता यांचा अहवाल द्यावा लागतो. त्यात सूक्ष्म-लघु-मध्यम उद्योगांकडून थेट किती माल घेतला हे विचारतात, आणि वंचित गटांतल्या पुरवठादारांना प्राधान्य देणारं धोरण आहे का, हेही. आपली कंपनी त्या यादीत नसली तरी आपला ग्राहक असतो, आणि तो प्रश्न खाली ढकलतो.

प्लांट हेडला मात्र ही दोन्ही कारणं पटत नाहीत. त्याला पटतं ते तिसरं: एखादा पार्ट एकाच प्रेस शॉपकडून येतो आणि त्याचा कंप्रेसर बंद पडला की आपली लाइन उभी राहते. दुसरा पुरवठादार तयार करायचाच आहे ना, मग तो शोधताना नजर थोडी लांब टाकू, असं म्हणा.

या मीटिंगमधून दोन गोष्टी घेऊन उठा: एमडींच्या सहीचं एक पानी धोरण, आणि जबाबदार माणसाचं नाव. तो माणूस पर्चेसमधलाच हवा. ऑर्डर काढायचा अधिकार ज्याच्याकडे नाही, त्याने चालवलेला कार्यक्रम पोस्टरपुरताच राहतो.

2. कोणाला मोजायचं ते ठरवा

व्याख्या ढिली ठेवली की वर्षअखेरीस आकडा हवा तसा फुगतो. साधा नियम ठेवा: एकल मालकी असेल तर मालक त्या गटातला हवा, भागीदारी किंवा प्रायव्हेट लिमिटेड असेल तर किमान 51 टक्के हिस्सा त्या गटातल्यांचा हवा. सरकारी धोरणही हेच माप वापरतं. त्याला आपल्याकडून एक जोड द्या, की रोजचा कारभारही तीच व्यक्ती बघत असली पाहिजे. ही जोड का, ते सातव्या पायरीत येईल.

‘छोटा उद्योग’ कोणाला म्हणायचं ते उद्यम नोंदणीवर, म्हणजे सूक्ष्म-लघु-मध्यम उद्योगांच्या सरकारी ऑनलाइन नोंदणीवर, सोडा. 1 एप्रिल 2025 पासून सूक्ष्म म्हणजे यंत्रसामग्रीत अडीच कोटींपर्यंत गुंतवणूक आणि 10 कोटींपर्यंत उलाढाल. लघु म्हणजे 25 कोटी आणि 100 कोटी. लघुची मर्यादा आता इतकी मोठी आहे की तुमचे निम्मे व्हेंडर आपोआप त्यात बसतील. म्हणून ‘सूक्ष्म’ हा रकाना वेगळाच ठेवा.

3. घरातली यादी आधी तपासा

नवे पुरवठादार शोधायला धावू नका. आधी व्हेंडर मास्टर, म्हणजे सध्याच्या सगळ्या पुरवठादारांची यादी, काढा. जुन्या यादीत या गटांतले काही जण बहुतेक असतातच, फक्त त्यांना कोणी कधी विचारलेलं नसतं.

सगळ्यांना एक पत्र आणि एक पानाचा फॉर्म पाठवा, मराठीत. उद्यम क्रमांक मागा आणि तो उद्यमच्या संकेतस्थळावर स्वतः तपासा. तिथे पडताळणीची सोय आहे. नोंदणी पूर्ण मोफत आहे. कुठला एजंट पैसे मागत असेल तर देऊ नका, हेही पत्रात लिहा.

जातीचा प्रश्न नाजूक आहे, तो तसाच हाताळा. आमच्या फॉर्ममधलं वाक्य असं आहे: ‘खालीलपैकी एखाद्या गटात आपला उद्योग येतो असं आपण सांगू इच्छित असल्यास खूण करावी’, आणि शेवटचा पर्याय ‘सांगायचं नाही’. त्याखाली एक ओळ: ही माहिती दिली किंवा दिली नाही, तरी चालू ऑर्डरींवर त्याचा परिणाम होणार नाही. आलेली माहिती एका पासवर्डच्या फाइलमध्ये, दोघांच्याच हाती ठेवा. 2023 चा वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आहेच, पण त्याआधी माणुसकी आहे. ‘एससी व्हेंडर लिस्ट’ नावाची एक्सेल शीट स्टोअरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर फिरली, तर त्या पुरवठादाराला गेटवर वेगळ्या नजरेने बघणारे निघतात, आणि तुमच्या कार्यक्रमावरचा त्याचा विश्वास त्याच दिवशी संपतो.

4. आपल्याच अटी वाचा

वेळ कमी असेल तर बाकीच्या पायऱ्या उरका, पण इथे थांबा. छोटा पुरवठादार आपल्याकडे येत नाही याचं कारण बहुतेक वेळा आपल्याच व्हेंडर रजिस्ट्रेशन फॉर्ममध्ये असतं. तो फॉर्म वर्षानुवर्षं कोणी वाचलेला नसतो. कुठल्या तरी मोठ्या कंपनीचा उचललेला असतो.

फॉर्म घेऊन बसा आणि प्रत्येक रकान्यापुढे विचारा: सहा माणसांचं युनिट हे भरू शकेल का?

पीएफ कोड ‘अनिवार्य’ असतो. पीएफ लागू होतो 20 कामगारांपासून, ईएसआयसी (कामगार विमा) 10 पासून. चुंचाळे शिवारातल्या एका गाळेवाल्या ताईंनी मला फोनवर सरळ विचारलं होतं, “मॅडम, माझ्याकडे मी धरून सहा जणं. कोड कुठून आणू?” उत्तर सोपं आहे: ‘लागू नाही’ असं स्वयंघोषणापत्र घ्या. पण सॉफ्टवेअरमध्ये तो रकाना लाल चांदणीचा असतो, रिकामा ठेवला तर पुढचं पान उघडत नाही, आणि आयटीला तिकीट टाकून तो मोकळा करून घ्यायला कोणाला सवड नसते. ती सवड तुम्ही काढायची.

जीएसटी क्रमांकाचंही तेच. माल विकणाऱ्याला 40 लाखांच्या आणि सेवा देणाऱ्याला 20 लाखांच्या उलाढालीपर्यंत सर्वसाधारणपणे नोंदणी लागत नाही. बचत गटाकडे क्रमांक नसतो म्हणून व्हेंडर कोडच निघत नाही, आणि मग मधे एक व्यापारी घुसतो. नफा त्याचा, नाव गटाचं. नोंदणी नसलेल्याने जीएसटी लावलेलाच नसतो, त्यामुळे दरांची तुलना करताना इनपुट क्रेडिट (आपल्याला परत मिळणारा जीएसटी) वजा करून निव्वळ खर्चावर करा. कंपोझिशनवाल्यालाही, म्हणजे बिलावर जीएसटी न लावता उलाढालीवर ठरावीक कर भरणाऱ्यालाही, हाच न्याय लावा.

तीन वर्षांचे ताळेबंद आणि किमान उलाढाल ही अट बँकेला शोभते. दोन लाखांच्या ट्रायल ऑर्डरला पाच कोटींची उलाढाल कशाला हवी? ऑर्डरच्या रकमेप्रमाणे अट लावा. छोट्या रकमेला एक वर्षाचं रिटर्न आणि बँकेचं स्टेटमेंट पुरतं.

मग येतं कच्च्या मालाचं दुखणं. स्टीलवाला रोख मागतो आणि आपण 90 दिवसांनी पैसे देतो. हा भार छोटा माणूस पेलूच शकत नाही. पत्रा किंवा बार आपण विकत घ्या आणि जॉब वर्कच्या (माल आपला, फक्त काम त्याचं) चलनावर पाठवा. डाय आणि गेजही आपलेच द्या. एवढ्याने त्याचं भांडवल अडकत नाही आणि आपल्यालाही मालाचा ग्रेड माहीत राहतो. फक्त चलनावर गेलेला माल वर्षाच्या आत परत आला पाहिजे आणि स्क्रॅपचा हिशेब पहिल्याच दिवशी लिहून ठरला पाहिजे. जॉब वर्कमधली निम्मी भांडणं स्क्रॅपवरून होतात.

आणखी एक सवय मोडा, ती म्हणजे गठ्ठा टेंडरची. साफसफाई, बाग, कॅन्टीन, पॅन्ट्री सगळं एकाच ठेकेदाराला दिलं की पर्चेसची डोकेदुखी कमी होते हे खरं. पण त्याच गठ्ठ्यामुळे छोट्याला आत यायला फट राहत नाही. बाग आणि गणवेश तेवढे वेगळे काढून बघा.

काही अटींना मात्र हात लावू नका. प्लेटिंग, पावडर कोटिंग, ऑइल हाताळणी असेल तर प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती बघाच. प्रेसला गार्ड आणि टू-हँड बटण, बालकामगार नाहीत, किमान वेतन मिळतंय, हे सर्वांना सारखं. ‘छोटा आहे, चालवून घेऊ’ म्हणून गार्डकडे दुर्लक्ष करणं हा त्या कामगाराच्या बोटांशी खेळ आहे.

5. कोणती कामं खुली करायची

खर्चाची यादी रकमेनुसार लावा आणि मधला पट्टा निवडा. सेफ्टी-क्रिटिकल पार्ट पहिल्या वर्षी नको. तिथे ग्राहकाची मंजुरी लागते आणि महिनोन्महिने जातात. पेन-वह्यांसारखी किरकोळ खरेदीही नको, कारण त्यातून कोणाचं युनिट उभं राहत नाही. डीबरिंग, छोटं प्रेसिंग, सब-असेंब्ली, करुगेटेड खोकी, लाकडी पॅलेट, लेबल छपाई, गणवेश, हातमोजे, फिक्श्चर बनवणं, एसीची देखभाल ही यादी आमच्या भागात चालते. पाच-सहा कामं पुरेत.

6. पुरवठादार कुठे भेटतात

निमा आणि आयमा या इथल्या उद्योजकांच्या संघटनांकडे जा. दोन्हींकडे सभासद उद्योगांची यादी असते. त्यावर थांबू नका, कारण सगळ्यात छोटे युनिटवाले सभासद नसतातच. त्यांच्यासाठी सातपूरच्या नाइस वसाहतीत, अंबडच्या गाळ्यांच्या गल्ल्यांत आणि सिन्नरला मुसळगावच्या सहकारी वसाहतीत चक्कर मारा. टूलरूमवाला आणि हीट ट्रीटमेंटवाला यांना विचारा. कोणाचं काम स्वच्छ आहे ते त्यांच्याइतकं कोणाला माहीत नसतं.

जिल्हा उद्योग केंद्रातून कर्ज योजना घेतलेल्या उद्योजकांचा माग लागतो. अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योजकांसाठी डिक्की ही दलित उद्योजकांची संस्था आहे, आणि एनएसआयसी या केंद्र सरकारच्या लघुउद्योग महामंडळामार्फत चालणारं राष्ट्रीय एससी-एसटी हब आहे. महिला बचत गटांसाठी माविम (महिला आर्थिक विकास महामंडळ) आणि उमेद हे राज्याचं ग्रामीण जीवनोन्नती अभियान. आदिवासी उद्योजकांसाठी शबरी आदिवासी वित्त व विकास महामंडळ. त्याचं मुख्यालय नाशिकमध्येच आहे, तरी आपल्या एमआयडीसीतली माणसं तिथे क्वचित फिरकतात. सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वरकडची मुलं आयटीआय करून आपल्याच शॉपफ्लोअरवर वर्षानुवर्षं मशीन चालवतात. त्यांच्यातला कोणी स्वतःचं युनिट टाकायच्या विचारात असेल तर त्याला तुमचे पार्ट आणि तुमचं क्यूसी (दर्जा तपासणी) आधीच पाठ असतं.

परदेशी ग्राहकाला महिला-मालकीचं आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्रच हवं असेल तर वीकनेक्ट इंटरनॅशनल ते देते. स्थानिक कामासाठी त्याचा आग्रह धरू नका.

7. कागदपत्रं आणि खातरजमा

एवढं पुरतं:

- उद्यम प्रमाणपत्र आणि पॅन
- जीएसटी प्रमाणपत्र, किंवा लागू नसल्याचं घोषणापत्र
- रद्द केलेला चेक
- भागीदारी करारनामा किंवा भागधारकांची यादी, जिथे लागू असेल तिथे
- गटाचा दावा असेल तर प्रांताधिकाऱ्यांचा जातीचा दाखला किंवा दिव्यांगांसाठी यूडीआयडी (दिव्यांग ओळख) कार्ड
- बचत गट असेल तर गटाचा ठराव आणि गटाच्या नावाचं बँक पासबुक

उद्यम प्रमाणपत्रावर सामाजिक प्रवर्ग छापलेला असतो, पण तो अर्जदाराने स्वतः सांगितलेला असतो. म्हणून दाखला वेगळा बघा. जात वैधता प्रमाणपत्राचा हट्ट मात्र धरू नका. इथे त्याची गरज नाही.

आता खरा सापळा. नाशिकला ‘मिसेसच्या नावावर फर्म’ ही जुनी पद्धत आहे. दर वेळी त्यात लबाडी असते असंही नाही. कर्जाच्या सोयीसाठी किंवा नवरा नोकरीत आहे म्हणूनही नाव बायकोचं असतं. पण तिला आपण महिला उद्योजक म्हणून मोजणार असू तर तिने उद्योग चालवलेला असायला हवा. चेकवर सही कोणाची, हे विचारून फार काही कळत नाही, सही तिचीच असते. युनिटवर जा. दर ठरवताना कोण बोलतं ते बघा. मागच्या महिन्यात कुठला लॉट परत आला आणि का, हे तिला विचारा. जी चालवते ती दोन मिनिटांत पंचाची धार, बर आणि ऑपरेटरची सुट्टी सगळं सांगते. “ह्यांना विचारते” असं प्रत्येक प्रश्नाला आलं, तर त्या फर्मला काम द्यायला हरकत नाही, दर आणि दर्जा बसत असेल तर जरूर द्या. फक्त महिलांच्या रकान्यात मोजू नका.

8. पहिली ऑर्डर

चौकशी तीन जणांना जाते तशीच जाऊ द्या, त्यातला एक तरी नव्या यादीतला असू दे. सरकारी धोरणात एक चांगली युक्ती आहे ती उचला: सर्वांत कमी दरापेक्षा 15 टक्क्यांपर्यंत वर असलेल्या छोट्या उद्योगाला तो कमी दर मान्य करायची संधी देतात आणि मग ऑर्डरचा काही भाग त्याला मिळतो. खासगीतही हे चालतं, आणि जास्त पैसे दिल्याचा आरोप कोणाला करता येत नाही.

ड्रॉइंग मेलवर टाकून मोकळे होऊ नका. समोर बसवा, क्रिटिकल मापांवर लाल पेनने गोल करा, तुमचं क्यूसी कुठल्या गेजने तपासणार आहे ते त्याच्या हातात द्या. फर्स्ट पीस मंजूर होईपर्यंत लॉट चालवू नका असं लिहून द्या. पहिल्या लॉटला रिजेक्शन येईल. जुन्या व्हेंडरच्या पहिल्या लॉटलाही आलं होतं, ते कोणाच्या लक्षात नसतं इतकंच. जुन्या फाइली काढून ठेवा, उपयोगी पडतात.

9. पैसे

सूक्ष्म-लघु-मध्यम उद्योगांसाठीचा एमएसएमईडी कायदा 2006 सांगतो: लेखी करार असेल तर जास्तीत जास्त 45 दिवस, नसेल तर 15. पीओवर (खरेदी ऑर्डरवर) 90 दिवस छापलेले असले तरी सूक्ष्म आणि लघु पुरवठादारापुढे त्याला अर्थ नाही. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट, दरमहा चक्रवाढ व्याज. शिवाय 2024-25 या कर निर्धारण वर्षापासून, सीए ज्याला ‘त्रेचाळीस बी एच’ म्हणतात त्या तरतुदीप्रमाणे, मुदतीत न दिलेली रक्कम प्रत्यक्ष देईपर्यंत खर्च म्हणून धरता येत नाही. अकाउंट्सला हे वाक्य ऐकवलं की बिलं हलतात.

दिवस कधीपासून मोजायचे, इथे सगळे घसरतात. आपण जीआरएनपासून, म्हणजे माल तपासून स्वीकारल्याच्या नोंदीपासून, मोजतो. कायदा माल पोचल्यापासून मोजतो. 15 दिवसांत लेखी हरकत घेतली असेल तरच ती दूर झाल्याच्या तारखेपासून. माल क्यूसीच्या रॅकवर तीन आठवडे पडून राहिला तरी घड्याळ चालूच असतं. म्हणून गेट एंट्रीची तारीख सिस्टीममध्ये वेगळी पकडा आणि देय तारीख तिच्यावरून काढा.

उलाढाल 250 कोटींच्या वर असेल तर ट्रेड्स या बिलं वटवायच्या ऑनलाइन व्यासपीठावर नोंदणी सक्तीची आहे. तिथे पुरवठादाराला बिल वटवून लवकर पैसे घेता येतात. छोट्या पुरवठादारांच्या थकलेल्या बिलांची माहिती ज्यात द्यायची त्या एमएसएमई-1 फॉर्मच्या तारखा, 30 एप्रिल आणि 31 ऑक्टोबर, कंपनी सेक्रेटरीच्या कॅलेंडरमध्ये असतातच. तुमच्याही असू द्या.

10. मोजायचं काय

व्हेंडर किती झाले हा आकडा फसवा आहे. वीस कोड उघडले आणि ऑर्डर दोघांनाच, असं सर्रास होतं. एकूण खरेदीत रकमेचा हिस्सा किती, दुसरी ऑर्डर किती जणांना मिळाली आणि सरासरी किती दिवसांत पैसे गेले, हे तीन आकडे तिमाहीला काढा. एखादी ताई अनुसूचित जमातीचीही असेल, तर दोन्ही रकान्यांत दाखवा पण एकूण बेरजेत एकदाच धरा.

पहिल्या वर्षी टक्केवारीचं उद्दिष्ट जाहीर करू नका. लोक मार्चमध्ये खोकी साठवून आकडा गाठतात. त्याऐवजी ज्यांनी कोटेशन दिलं आणि ज्यांना काम मिळालं नाही, त्यांच्यापुढे कारणाचा एक रकाना ठेवा. ‘दर जास्त’, ‘क्षमता कमी’ ही कारणं अपेक्षित असतात. त्यांच्यामध्ये ‘आपण ड्रॉइंग उशिरा पाठवलं’, ‘व्हेंडर कोड निघाला नाही’ असंही दिसायला लागेल, आणि एप्रिलच्या आढावा बैठकीत प्लांट हेडसमोर ठेवायचा कागद तोच आहे.